वल्ह्याची गोष्ट, इतोमान बंदरात

तू विचारतोस, हे शस्त्र आलं कुठून.
आधी तिथून ऊठ. त्या होडीला शार्कचं तेल लावलंय,
आठ दिवस पँटचा वास जाणार नाही.

हां. तर शस्त्र नव्हतं ते. वल्हं होतं.
चागीच्या लाकडाचं, पणजोबाच्या कपाळाला लागेल एवढं उंच,
एका अंगाला पाठीच्या कण्यासारखा उंचवटा,
दुसरं अंग सपाट,
आणि कडा, बघ बोट फिरवून,
कडा पाण्यानं घासलीय. कुणा शत्रूनं नाही.

पणजोबा कामादू. बोलायचा कमी,
खोकायचा जास्त.
त्या वर्षी कर मोजायला जो कारकून आला
त्यानं टोपलीतले मासे मोजले, मग टोपली मोजली,
मग माकातूच्या, म्हणजे पणजीच्या,
केसांतल्या पितळी काट्याकडे हात नेला.
कामादूनं वल्हं वाळूत खुपसलं
आणि उलथन्यानं मासा उलटावा तशी वाळू उलटली
सरळ त्याच्या डोळ्यांत.
एवढंच.
तुमच्या वर्गात हीच चाल शिकवतात ना,
पांढऱ्या कपड्यांत, घासलेल्या फळ्यांवर,
जिथं वाळूचा एक कण सापडायचा नाही?

पुढचं कुणी शिकवत नाही.
कारकून डोळे चोळत मागं मागं गेला,
खडकावरून घसरला, भरतीच्या पाण्यात.
ओरडायला तोंड उघडलं की आत समुद्र.
माकातू म्हणाली, जाऊ दे त्याला.
कामादू खोकला.
मग एका गुडघ्यावर बसून त्यानं वल्हं पुढं केलं,
खाली, पाण्यालगत,
पातं आडवं, धरणाऱ्याचा हात कापू नये म्हणून.

तुझे गुरुजी त्याला घोट्यावरचा वार म्हणतात.
असेलही.
इतक्या वर्षांत इतक्या जणांनी शिकवलं,
प्रत्येकानं आपापला थोडा राग त्यात घातला.
माझ्याकडे लिहिलेलं काही नाही. आईनं सांगितलं,
आईला तिच्या आईनं, बाजारात, मासे विकता विकता,
आणि आमच्या बायका वजनात खोटं बोलतात,
गोष्टीत नाही.
किंवा उलट.

कारकुनानं पुढं काय केलं?
कर घेतला. सगळा.
टोपली तेवढी परत केली.

घे, धर. दोन्ही हातांनी.
असं नाही, तू मारायला धरतोयस.
वारा पडलाय.
आधी त्या खडकापर्यंत वल्हव.