बेरीज

सोहारच्या प्रयोगशाळेत रात्री साडेनऊला
सलीमाने आणलेला दगड मी यंत्रात ठेवतो.
तळहाताएवढी चकती, आरशासारखी घासलेली,
मागे पांढऱ्या शाईत : पेटी सात, खोली एकशेबारा.
दार बंद. पंप हवा ओढून घेतो.
आता सकाळपर्यंत किरण
केसाच्या जाडीएवढं एकेक पाऊल टाकत जाणार,
डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ,
अंगण सारवणाऱ्या बाईसारखा,
एकही कोपरा न सोडता.

दगडाला यात काही होत नाही.
किरण अणूच्या माजघरातून
एका इलेक्ट्रॉनला उठवतो,
ओसरीवरचा कुणी चटकन आत येऊन बसतो,
आणि त्या बसण्यात जो उजेड सांडतो
त्यावरून कळतं घर कुणाचं :
लोखंडाचं, निकेलचं, क्रोमियमचं.

माझ्या आधी या खुर्चीत सजीवन बसायचा.
खुर्चीची उंची अजून त्याच्याच मापाची.

पडद्यावर नकाशा भरत जातो.
क्रोमियमला मी हिरवा दिलाय, लोखंडाला लाल.
रंग माझे. दगड करडाच आहे.
दोनच्या सुमारास कॅल्शियमची एक निळी शीर उगवते,
वाकडी, मध्येच तुटलेली,
पुढे पुन्हा सुरू,
जशी आई फोनवर बोलते.

सकाळी झहरान पेट्या उचलायला येतो,
आकड्यांवर बोट ठेवतो.
शहाऐंशी पूर्णांक चार.
"बाकीचे कुणी नेले?"
पाणी, मी म्हणतो. फार हलकं, या यंत्राला दिसत नाही.
हा डोंगर समुद्राच्या तळाशी होता,
प्यायला, आणि मग सोडलंच नाही.
झहरान दगडावर अंगठा फिरवतो.
"कोरडा आहे."
त्याच्या गावचा फलज दोन वर्षं कोरडा आहे,
त्यामुळे या शब्दाचा अधिकार त्याचा.

मग मी त्याच दगडाची चिमूटभर पूड
हजार अंशांच्या भट्टीत ठेवतो.
आधी वजन, नंतर वजन.
झहरान जायचा थांबतो,
भट्टीच्या धुराड्यावर लांबूनच तळहात धरतो.
काही लागत नाही हाताला. नुसती ऊब.
तरी तो हात पालथा करून पाहतो.

वहीत लिहितो :
जळून गेले, तेरा पूर्णांक दोन.
बेरीज नव्याण्णव पूर्णांक सहा.
उरलेल्या चार दशांशांबद्दल
इथे कुणी विचारत नाही.