हत्तीचा कान

मल्हारगंजात, पिठाच्या गिरणीला लागून,
हातिमभाईंचं छत्र्यांचं दुकान तीन दिवसांकरता मिळालं.
भाडं नको म्हणाले. फक्त जाताना
भिंत होती तशी करून द्या.

हे माझं सहावं प्रदर्शन.
पहिलं जिन्याखाली, दुसरं रामबागेतल्या वाचनालयात,
तिथे पेपर वाचणारे चष्म्यावरून बघत म्हणायचे,
ताई, जरा सरका, उजेड अडतोय.
तिसऱ्याबद्दल मी बोलत नाही.

पहिल्या दुपारीच सगळ्या चित्रांवर पीठ बसलं.
पुसलं. पुन्हा बसलं. मग राहू दिलं;
शरबती गव्हाला तरी माझं काम पसंत पडलं म्हणायचं.

जे आले ते स्वतःला शोधत आले.
इस्त्रीवाला आपली गाडी पाहून
"कोळसा कमी दाखवलात" एवढंच बोलून गेला.
लाखेच्या बांगड्यांच्या मेहरुन्निसा आपा
आपल्याच हातांसमोर पुष्कळ वेळ उभ्या.
ही अंगठी कुठून आली?
तू चित्र काढायला बसली होतीस ना,
तेव्हा ती सावकाराकडे होती.
मी ओशाळले. सवयीनं काढून गेले होते.
रहने दे, त्या म्हणाल्या,
तू तरी सोडवून आणलीस.

आणि गेंदालालजी.
मिल बंद पडल्यापासून ते कुठल्याच दारातून
एकदम आत येत नाहीत. उंबऱ्याशी थांबतात,
भोंगा व्हायचा असल्यासारखे.
मग थेट हत्तीपाशी गेले.

अनंत चतुर्दशीची झांकी, जेल रोड, मध्यरात्र उलटलेली,
बाबांच्या खांद्यावरून, सातव्या वर्षी
मी पाहिलेला मिलचा हत्ती:
सोंडेत दिव्यांची माळ,
दोन्ही कान एकदम फडफडणारे.

"बाई, कान ऐसे नहीं हिलते थे."
मोटर एकच. पट्टा घसरायचा.
उजवा आधी, डावा अर्ध्या मात्रेनं मागून.
तुम्हाला इतकं नक्की कसं आठवतं?
मैं अंदर था ना.
बारा वर्षं. उकिडवे, ग्रीसचा डबा मांडीत,
पट्टा उतरला की हातानं चढवायचा.
मग दोन पावलं मागे सरले, मान तिरकी केली.
"अच्छा. बाहर से ऐसा दिखता था."

मी पेन्सिल पुढे केली.
त्यांनी आधी हात पँटला पुसला.
हत्तीच्या पोटात एक माणूस काढला, अंगठ्याएवढा,
गुडघे हनुवटीला टेकलेले,
चेहरा नाही, पाना मात्र अगदी नीट.
खाली, मी सही करते त्या कोपऱ्यात,
स्वतःचा टोकन नंबर: २२१७.

दुसऱ्या दिवशी विजयनगरहून एक जोडपं आलं.
हत्ती आवडला. किंमतही परवडली.
ते पेन्सिलीचं पुसता येईल ना?
मला घरभाडं आठवलं. खरं सांगते, आठवलं.
नाही म्हणाले, आणि रात्रभर
त्या रकमेची वजाबाकी करत पडून राहिले.

शेवटच्या संध्याकाळी गेंदालालजी बायकोला घेऊन आले.
पदर सावरत, वाकून,
तिनं पोटातला माणूस पाहिला.
मग नवऱ्याकडे पाहिलं, जरा रागानंच.
हमको तो लगा, सिर में बैठते हो.
इतकी वर्षं पोरांना कडेवर घेऊन
आम्ही डोक्याकडे बघून हात हलवत होतो.

त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही.
पिठाची गिरणी थांबली होती, म्हणून ते ऐकू आलं.

सगळं उतरवून मी खिळे काढायला घेतले.
हातिमभाई म्हणाले, हत्तीचा राहू द्या.
परवा त्या रस्त्यानं गेले तर
त्यावर एक मिटलेली छत्री टांगलेली.
विचारलं, केवढ्याला?
तिची काडी मोडलीये, म्हणाले,
विकायची नाही.