सोळा नावं हवीत

फेब्रुवारीत विषय निवडायचे कागद येतात.
नववीला पिवळा, दहावीला हिरवा,
मोठ्यांना गुलाबी.
पानभर विज्ञान:
जीवशास्त्र साधं, जीवशास्त्र अवघड,
रसायन, कॉलेजच्या तोडीचं रसायन,
भौतिक, बीजगणित पार पडलं असेल तरच,
शरीररचना, मांजर फाडावी लागेल, पालकांची सही आणा.
आणि तळाशी, पिनेखाली अर्धं झाकलेलं,
भूशास्त्र. शिक्षिका: घैसास.

दुलुथमध्ये माझं आडनाव कुणाच्या जिभेला पेलत नाही.
मुलं मिसेस गॅस म्हणतात.
रसायन शिकवत असते तर शोभलंही असतं.
मी दगड शिकवते.

सोळा नावं हवीत, नियमच आहे,
मिसेस लिंडक्विस्ट खिडकीकडे बघत म्हणाली.
तिच्या खिडकीतून सरोवर दिसतं,
पार क्षितिजापर्यंत थिजलेलं,
आणि हिवाळ्यापुरती बांधून ठेवलेली खनिजाची जहाजं.
अख्खं गाव जमिनीतून उपसलेल्या लोखंडावर जेवलं
आणि जमिनीबद्दल शिकायला सोळा पोरं मिळेनात.
हे मी तिला बोलले नाही.
जिन्यात बोलले, मराठीत.

अकरा झाली.
मग वायट किन्युनन आला, त्याचा बाप जहाजावर.
"सगळ्यात सोपा हाच ना?"
हो म्हटलं. खोटं बोलले. बारा.
माय शेंग यांगनं नाव घातलं (तिचं नाव मला पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं),
मग खोडलं,
खोडलेल्यावरच पुन्हा गिरवलं. तेरा.

कँटीनच्या दारात टेबल टाकलं.
भाजीवाली लावते तसे ढीग लावले,
अगेट, गॅब्रो, बेसॉल्ट,
घ्या हातात, बघा वजन.
एका उंच पोरानं काळा तुकडा उचलला.
"हा कुठला?"
तुझ्या बसस्टॉपमागचा. एकशे दहा कोटी वर्षांचा.
"आणि हा?"
हा कोरेगावचा, माझ्या बापाच्या विहिरीतला.
साडेसहा कोटी. कोवळा आहे.
त्यानं तो इतका हळू खाली ठेवला
की जणू त्याची टाळू भरायची होती अजून.

तो पोरगा ऑर्केस्ट्राला गेला. तास जुळेनात.

तेरावरच मिटलं.
मार्चमध्ये पत्र आलं: भूशास्त्र रद्द.
त्या जागी न्यायवैद्यक विज्ञान,
बत्तीस नावं, प्रतीक्षेत आणखी नऊ.
पोरांना रक्त हवंय. बोटांचे ठसे,
फरशीवर खडूनं आखलेला माणूस.
"शिकवाल ना?"
पोटासाठी काय काय शिकवलंय आजवर.
हो म्हटलं.
उन्हाळाभर विषं वाचली, केसांची मुळं,
गोळी कुठल्या कोनातून शिरते ते.
नवरा माझ्या हातचा चहा जरा जपून पिऊ लागला.

सप्टेंबर, पहिला तास.
मागच्या बाकावर वायट.
"मुडदा कुठाय?"
येईल, म्हटलं. आधी बूट काढा.

हसले. वास सुटला. कुणीतरी खिडकी उघडली.
प्रत्येकानं आपल्या तळव्याची माती
खरवडून कागदावर घेतली,
नाव न घालता शेजाऱ्याकडे सरकवली.
ओळखा, म्हटलं, हा माणूस काल कुठे होता?
डोकी वाकली भिंगांवर.
लाल चिकणमाती. हरळीचं मूळ.
गोदीतल्या खनिजाची चुरगळलेली गोळी,
आणि वायट गप्प, कारण ती त्याच्या बापाच्या बुटांतली,
बूट मागून आणलेले.

माय शेंगच्या चिमट्यात एक काळा कण.
उजेडाकडे धरून ती बराच वेळ बघत राहिली.
"मिसेस गॅस, याचं वय काय?"

भूशास्त्र रद्द झालेलं आहे.
मी उठून वर्गाचं दार लावून घेतलं.