कापाची रुंदी

वारकेने शटरवर खडूने लिहिलं:
लाकूड, पुठ्ठा, ॲक्रिलिक, तुमच्या मापाने कापून मिळेल,
सहा मिलिमीटरपर्यंत.
रॉकेट क्लब, मागचं वर्कशॉप, फैजपूर.
दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी जोडलेलं:
दाढी-कटिंग होत नाही.

इंजिनाला अकरा हजार चारशे कमी पडत होते.
कॉलेजने मशीन दिलं, वीज दिली,
आणि म्हणाले, पुढचं तुमचं तुम्ही वर न्या.

तीन दिवस फक्त ऊन आलं, शटरच्या खालून.

चौथ्या दिवशी सावद्याचे वासुदेव धांडे,
केळीच्या खोक्यांवर नाव उठवायला साचा हवा म्हणून.
कापला. उचलला.
तर दोन्ही 'व'ची पोटं गळून फरशीवर.
आम्हाला कुठे ठाऊक होतं,
ज्या अक्षराच्या आत पोकळी असते
त्याला पूल सोडावा लागतो, नाहीतर मधलं पडतं.
धांडे हसले, "पोटाचंच तं सगळं हाये, पोरी."
दुसरा साचा फुकट.
पोटं मी डबीत ठेवली.

गणवेश शिवणाऱ्या सिंधूबाई सरोदे
कॉलरचा पुठ्ठा घेऊन आल्या, चौदा वर्षांचा,
कडा हाताळून मऊ पडलेल्या.
मशीनने तो जसाच्या तसा उचलला, झिजेसकट.
"असा नको. पयले होता तसा कर."
पहिले कसा होता ते कुठेच लिहिलेलं नव्हतं,
त्यांच्या अंगठ्यात होतं.
अंगठा पडद्यावर सरकत गेला
आणि मी माउस त्याच्या मागोमाग नेला,
अंधारात कुणाचा तरी पदर धरून चालावं तसा.

लेझरची रेघ दोन दशांश मिलिमीटर खाते.
तेवढं लाकूड ना गिऱ्हाइकाचं, ना आमचं.
हर्षालीच्या वहीत प्लायला रकाना आहे,
विजेला आहे, चहाला आहे,
त्याला नाही.
ते पंख्यातून बाहेर जातं, शेजारच्या केळीवर,
थोडं आमच्या ओढण्यांत.
आई म्हणते, तुझ्या केसांना होळीचा वास येतो.

ताहेर तडवी पालहून दोन बस बदलून आले.
डावा पाय अडीच सेंटिमीटर आखूड.
चपलेखाली चिकटवायला तळवे हवे होते.
वर्तमानपत्रावर पाय ठेवून उभे राहिले,
वारकेने गुडघ्यावर बसून पेन्सिल फिरवली,
करंगळीशी दोघेही हसले.
"किती वर जाईन तुमचं?"
"सहाशे मीटर."
"आमच्या शेळ्या त्याच्याहून वर चरतात."
मग जरा थांबून,
"पण त्या गुपचूप जातात."

चार थर म्हणजे चोवीस. एक मिलिमीटर कमी.
पातळ पुठ्ठा शोधत होतो तर म्हणाले, राहू दे,
तेवढं माझं मी चालून घेतो.

आमचे पंख आम्ही उरलेल्या जागेत कापले,
दोन तळव्यांच्या मध्ये,
कॉलरींच्या कुशीत,
जिथे जो कोपरा सापडला तिथे.
एकाचे रेषे आडवे आलेत.
वारके म्हणतो, तो वर थरथरेल.
आणि खाचेत बसवले तर सगळेच हलत होते,
कारण दोन्हीकडून रेघेने खाल्लेलं
आम्ही धरलंच नव्हतं मापात,
इतक्या लोकांची मापं घेऊनही.
डबीतली 'व'ची पोटं काढली,
एकेक पाचर मारली.
दोन पंख घट्ट झाले. दोन अजून बाकी.

आजपर्यंत नऊ हजार सहाशे दहा.
शटरवरचा खडू उडालाय,
'कापून मिळेल' तेवढं वाचता येतं.
आता एक पोरगा येऊन उभा आहे,
मुठीतून कॅरमची सोंगटी काढतो.
"अशीच एक. पण काळी."
काळी आम्ही करत नाही रे, म्हणाले मी,
कडा तेवढी आपोआप होते.