मळे

फाल्गुनात रकाना भरायचा म्हणजे
शून्य, टिंब, शून्य.
सव्वीस वर्षं लिहितेय.
खानापुरात, प्रवासी बंगल्याच्या मागं,
तारेच्या कुंपणात एक नळकांडं.
साडेआठला आतली बाटली काढायची,
मापात ओतायची,
गुडघे टेकून डोळा पाण्याच्या रेघेवर आणायचा
आणि न पडलेला पाऊस
सहीनिशी कळवायचा.

जुलैत मी नुसती कारकून.
तो सांगत जातो, मी लिहीत जाते,
बाटली पुरत नाही, कागद ओलसर, शाई पसरते,
कणकुंबीचे आकडे ऐकून फोनवरचा माणूस
पुन्हा विचारतो, नक्की का?

पण काल,
होळीची राख देवळापुढं अजून गरम होती,
चंद्र पुरता वर आला नव्हता,
तेवढ्यात कौलांवर कुणी मूठभर हरभरे फेकल्यासारखं झालं.
भिंतीपलीकडनं नीलव्वा ओरडली,
"अक्का, मळे बंतु! मळे!"

सहा वर्षांची होते मी,
चंदगडाकडनं नुकतीच इथं आलेली,
तेव्हा असंच कुणीतरी ओरडलं होतं
आणि मी धावले होते दारात,
कुठनं आले मळे ते बघायला.
ऊस असेल, पाटाचं पाणी असेल,
बांधावर भुईमूग उपटून खाता येईल.
अंगण नुसतं भिजत होतं.
आई म्हणाली, अगं, पाऊस तो त्यांचा.
मग बरेच दिवस
मी आभाळाकडं बघून ओळखायचा प्रयत्न करी,
ह्यातला आमचा कुठला.

काल मी दारात गेले ती मळे बघायलाच.
छप्पन वर्षांच्या बाईनं हे सांगू नये.

मलप्रभेच्या काठाला भट्ट्यांवर बॅटऱ्या हलत होत्या.
कच्च्या विटा झाकायला जे हाताला लागेल ते.
ताडपत्री, गेल्या निवडणुकीचा फ्लेक्स,
शिवाप्पाच्या पोरांनी अंगावरची चादरसुद्धा.
मला इकडं वास येत होता
भिजल्या मातीचा, आणि अर्ध्या भाजलेल्या मातीचा,
दोन वेगळे वास,
आणि मला आनंद झाला.
तिकडं बॅटऱ्या हलत होत्या आणि मला आनंद झाला.
तो कुठल्या रकान्यात घालायचा ते
अजून ठरलेलं नाही.

सकाळी तिकडनंच गेले.
सावरीची फुलं डांबराला चिकटलेली, लाल, जाड,
म्हशीनं एक उचलून खाल्लं.
पांगाऱ्यावर साळुंक्यांचं भांडण.
जांबोटीकडनं आलेला दूधवाला म्हणाला,
काजूचा तुरा काळा पडतोय आता बघा.
असं म्हणताना तोही वरच बघत होता,
नव्या पालवीकडं,
तांबूस, ओली, नुकत्या न्हालेल्या बाळाच्या कानासारखी.

शिवाप्पानं एक वीट हातात दिली.
थेंबांचे खड्डे वरच्या अंगाला,
मोजता येतील इतके स्वच्छ.
"ठेवा तुमच्या हापिसात, बाई.
ह्याच्यात लिवलंय सगळं."
मी म्हटलं, भाजून दे. कच्ची कशी नेऊ?
तो हसला की रडवेला झाला, कळलं नाही.
"भाजतो की," म्हणाला.

साडेआठ.
नळकांड्याच्या तोंडाशी मोहराचे कण,
पिवळट, चिकट,
बंगल्यामागच्या आंब्यावरून वाऱ्यानं आणलेले.
नियम असा की कचरा आधी काढावा,
मग मोजावं.
काढला.
दोन टिंब सहा.
फोनवर सांगितलं, एरडु पॉइंट आरु.
पलीकडचा म्हणाला, नमकडे इल्ला, आमच्याकडं काहीच नाही.
शेऱ्याचा रकाना मी कोराच ठेवला, नेहमीसारखा.

मोजलेलं पाणी ओतून द्यायचं असतं.
ओंजळीत ओतलं.
कुंपणापलीकडनं नीलव्वाची नात बघत होती,
काय करूलालास गं आजी?
काही नाही, म्हटलं,
आणि हात झटकले.
दिवसभर बोटांना मोहर चिकटत राहिला.