नीळ

त्या वर्षी क्लबकडे जर्सींचा एकच जोड होता.
चौदा जर्सी, सगळ्या निळ्या,
आणि धुणारी मी एकटी, लोतिओ नदीच्या काठावरची कोरोतुमू.
आफ्रिकेच्या चषकात सिकासोचं नाव लागलं
तेव्हा गावानं ढोल बडवले.
मी साबण मोजला.

लोक तो हंगाम गोलांनी सांगतात.
मी मातीनं सांगते.

नियामेहून आली ती पिवळी, पिठासारखी,
झटकली तशी निम्मी वाऱ्यावर गेली.
(दोन-एक. न्हाव्यानं दिवसभर फुकट दाढ्या केल्या.)
कोनाक्रीचा चिखल काळा, शिवणीत दडून बसणारा,
काडीनं टोकरून काढला.
लुबुम्बाशीची माती तांबडी. तिला मात्र मी मानते.
चौथ्या पाण्यालाही बादलीत गंज उतरत होता,
आणि गोलकीपरच्या बाहीवर रक्त.
"माझं नाही," म्हणाला तिएकुरा.
मग कुणाचं, ते मी विचारलं नाही.
रक्ताला गार पाणी लागतं, चौकशी लागत नाही.

त्याच गाठोड्यात तेरा निघाल्या आमच्या,
आणि एक हिरवी, परक्या घामाची.
"अकरा नंबर कुठाय?"
झांगा अंगठ्यानं जमीन उकरत उभा. एकोणीस वर्षांचं पोर.
"त्यांच्या बॅकनं मागितली, मावशी.
नव्वद मिनिटं माझ्या पाठीला चिकटून होता,
नाही कसं म्हणायचं?"

खजिनदार फुसेनीनं कपाळाला हात लावला.
बामाकोहून नवी यायची तर महिना,
आणि उपांत्य सामना रविवारवर आलेला.
मग मी पेटीतून नवऱ्याचा सदरा काढला,
पांढरा, बकरीदेचा, दोनदाच घातलेला.
न्येबाच्या रांजणात बुडवला.
सात बुड्या लागतात निळीला, मधे वारा लागतो, उसंत लागते.
माझ्याकडे तीन बुड्यांपुरताच वेळ होता.
पिठाच्या पोत्यातून अकराचे दोन दांडे कापले,
पाठीवर टाचले.
लांबून कुणाला कळलं नाही.
जवळून नवऱ्याला कळलं.

घरच्या मैदानात एक-एक.
मग अलेक्झांड्रियात शून्य-शून्य.
रेडिओ म्हणाला, आपण बाहेर.
दोन्हीकडे बरोबरी, मग हरलो कसे?
परक्या अंगणात केलेला गोल म्हणे वजनाला जास्त.
बटाट्याच्या बाजारात लोक आठवडाभर तागडी घेऊन भांडत होते.
तराजू खोटा, हे आमच्याकडे लहान पोरालाही पटतं,
पण कुणाचा, ते सापडेना.

झांगा परतला तो मानेपर्यंत निळा.
समुद्राची दमट हवा, वर घाम, सदरा पाझरत राहिला.
त्यांचा बॅक पांढऱ्या जर्सीत,
धरायचा, ढकलायचा, पडला की उचलायचा,
आणि शिट्टी वाजली तेव्हा त्याच्या छातीवर
झांगाचे दोन पंजे उमटलेले, बोटं मोजता येतील असे.
"या खेपेला जर्सी मागितली नाही त्यानं," झांगा म्हणाला.
"छातीकडे बोट केलं नुसतं, आणि हसला."

तिथेही कुणी बाई असेल.
तिचं नाव मला कळणार नाही, तिला माझं.
लिंबू पिळून बघेल, उन्हात टाकून बघेल,
कुठल्या मुलखाचा डाग हा म्हणून बोटं मोडेल.
बाई, नको घासूस.
ज्याच्यासाठी कालवली त्या सदऱ्याला धरली नाही ती नीळ,
तुमच्या कापडाला धरायची. तिचा स्वभावच तसा.
साबण वाया जाईल.
माझ्या साबणाचे दोन महिन्यांचे पैसे
फुसेनीकडे अजून अडकलेत.

ती हिरवी मी वेगळ्या पाण्यात धुतली.
बकरीदेला नवरा ती घालून नमाजाला गेला,
पाठीवर चार नंबर, काखेत जरा घट्ट.
कुणीतरी विचारलं, "कोणाकडून खेळतोस?"
तो माझ्याकडे बघून म्हणाला,
"हिला विचारा."