विरजणापुरता

योर्गच्या दुकानात दोन पेट्या.
एकीत पांढरे दगड, कोरडे, खडखडीत,
किलोला निम्म्या भावाचे.
समुद्र त्यांना आता आठवतही नसेल.

दुसरीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले जिवंत खडक,
जांभळे, बुळबुळीत,
ओहोटीचा वास अंगाला.
"यातून काय निघेल सांगता येत नाही, फ्राउ टेसमर,"
म्हणत त्याने अंगठ्यावरचा व्रण दाखवला.

बाहेर लाइपझिगचा बर्फ,
समुद्र चार तासांवर, तोही थंड.

मी कोरडेच घेतले. पंधरा किलो.
या वयात पाहुणे नकोत.
पैसे देता देता हात मागे वळला:
आणि हा एक. मुठीएवढा.
विरजणापुरता.

सहा आठवडे नुसतं पाणी, मीठ, पंपाची घरघर.
पांढऱ्यावर तपकिरी मळ चढला.
वरच्या मजल्यावरचा डीटमार विचारून गेला,
"दगड पाळलेत का?"

काल रात्री, अडीचच्या सुमाराला,
काचेच्या आत
टक्.

निळा दिवा लावला. कुणी नाही.
मालवला.

टक्.